बंदी घालणाऱ्यावरील ऋण

कॉलेजच्या आवारात ई-सिगारेटला बंदी असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिस्तीचा वाटतो. प्राचार्यांनी फलक लावावा, शिपायाने लक्ष ठेवावे आणि मुलांनी ऐकावे, एवढ्यावर तो मिटेल असे पुष्कळांना वाटते. पण थोडे खोल गेले म्हणजे ध्यानात येते की, याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. जो मनुष्य सज्ञान झाला आहे, त्याला त्याच्याच हितासाठी अडविण्याचा अधिकार दुसऱ्याला कितपत आहे? आपली मुले आज इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी वसतिगृहांत राहून शिकत आहेत. तेव्हा हा विचार आपल्याला टाळता येणार नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हिच्यात तंबाखूचे पान जळत नाही. बॅटरीवर तापणारी एक लहानशी तार असते आणि तिच्याजवळ द्रव असतो. त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ, आंबा, पुदिना इत्यादींचे स्वाद आणि बहुधा निकोटिन असते. द्रव तापला की त्याची धुक्यासारखी वाफ होते व ती छातीत ओढली जाते. हिचे आधुनिक रूप चीनमधील होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केले. तो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला होता आणि तीतून सुटण्याची वाट शोधत होता. म्हणजे जुन्या व्यसनी माणसासाठी ही युक्ती निघाली, आणि पुढे ती पोहोचली ज्याने कधी विडीसुद्धा हातात धरली नव्हती अशा मुलाच्या खिशात! सारा वाद येथूनच सुरू होतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने १ जानेवारी २०१४ पासून आपल्या सर्व आवारांत धूम्रपान व तंबाखू बंद केली आणि त्याच नियमात ई-सिगारेटही घातली. त्या वेळी तेथील केंद्रीय सरकारचे या वस्तूवर नियंत्रण नव्हते. ते २०१६ साली आले. साहजिकच अनेकांनी विचारले की, जिच्यात जाळ नाही, राख नाही, डांबर नाही, तिला सिगारेटच्याच पंक्तीला का बसवता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यात दोन वेगळे मुद्दे आहेत, ते एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा स्वातंत्र्याचा. अठरा वर्षांचा विद्यार्थी म्हणतो, "मी मत देतो, बँकेत माझ्या सहीने पैसे काढतो. मग माझ्या छातीत काय जावे हे तुम्ही का ठरवावे?" आम्हांला हा युक्तिवाद अर्धाच खरा वाटतो. पहिला झुरका घेताना तो मोकळा असतो, हे कबूल. पण शंभराव्या झुरक्याच्या वेळी तो तितकाच मोकळा असतो काय? निकोटिनचा गुणच असा की, जो हात स्वखुशीने पुढे होतो तोच पुढे बांधला जातो. २०१५ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या जूल या उपकरणाच्या एका लहानशा कुपीत सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन असल्याचे खुद्द निर्मात्यांनीच सांगितले होते. शिवाय त्यात निकोटिन क्षाररूपात घातल्यामुळे घशाला फारसा ठसका लागत नव्हता. जुन्या सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला पोराला ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई. शरीराने उभा केलेला तो एक पहारेकरीच होता. नव्या युक्तीने त्याला दारातून हटविले. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०१६ च्या अहवालात म्हटले आहे की, माणसाच्या मेंदूची वाढ साधारणपणे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते आणि त्या काळात निकोटिनमुळे अवधान व शिकण्याची शक्ती यांना अपाय होऊ शकतो. ज्या बुद्धीने निवड करायची तिलाच जर ही वस्तू धक्का लावते, तर निवडीच्या स्वातंत्र्याच्या नावाने तिची बाजू घेणे कसे जुळते? स्वातंत्र्य विकण्याच्या स्वातंत्र्याला आम्ही स्वातंत्र्य म्हणत नाही.

दुसरा मुद्दा कमी अपायाचा. ही वाफ जळत्या सिगारेटच्या धुरापेक्षा कमी घातक आहे, हे बहुतेक जाणकार मानतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली ती सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचे म्हटले. तो तज्ज्ञांच्या मतांवर आधारलेला अंदाज होता. निकोटिनच्या पट्ट्या व च्युइंग गम यांपेक्षा ई-सिगारेटने सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त पडते, असेही अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्यांना आढळले आहे. हे सारे मान्य. पण कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. या वाफेत निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कण सापडले आहेत, आणि तीस-चाळीस वर्षे ती ओढल्यावर फुप्फुसांचे काय होते हे कळण्याइतकी वर्षे अजून उलटलेलीच नाहीत. बुडत्याला फळी द्यावी हे खरे. परंतु काठावर सुखरूप उभ्या असलेल्या मुलाला, फळी आहे म्हणून पाण्यात उतर, असे कोणी सांगत नाही.

म्हणून आवारातील बंदीच्या बाजूने आमचे मत पडते. कॉलेज हे एकट्याचे घर नव्हे, तेथील हवा सर्वांची आहे. आणि सतरा वर्षांचे पोर एकोणीस वर्षांच्या दादाकडे पाहूनच शिकते. करिंथच्या मंडळीत मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी वाद निघाला, तेव्हा पौलाने हाच मुद्दा धरला होता. आपल्याला मोकळीक आहे एवढे म्हणून भागत नाही. त्या मोकळिकीने दुर्बळ भाऊ अडखळतो की काय, हेही पाहावे लागते.

परंतु येथे थांबणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. जो बंदी घालतो, त्याच्या शिरावर ऋण येते, असे आम्हांला वाटते. ते तीन प्रकारचे आहे.

पहिले ऋण सत्याचे. २०१९ साली अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांचा एक भयंकर विकार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना तो झाला आणि ६८ जण दगावले. त्याचा मुख्य संबंध गांजातील मादक द्रव्य असलेल्या, चोरट्या मार्गाने आलेल्या द्रवातील 'ई' जीवनसत्त्वाच्या एका तेलकट रूपाशी असल्याचे दिसून आले. आता जो शिक्षक, "एक झुरका घेतलास की मेलास," असे सांगतो, त्याचा हेतू चांगला असेल. पण मुलाने झुरका घेतला आणि तो जिवंत राहिला, की त्या शिक्षकाचे खरे बोलणेही खोटे ठरते. भय दाखविण्यासाठी वाढवून सांगितलेले सत्य फार दिवस टिकत नाही.

दुसरे ऋण समान न्यायाचे. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात बंद केली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठीकच झाले. पण विडी, सिगारेट आणि मळून खायची तंबाखू नाक्यावर उघड मिळते. २०१६-१७ च्या पाहणीत देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. बेळगाव जिल्ह्यातील वाचकांना निपाणी ठाऊकच आहे. तेथील तंबाखूवर शेतकऱ्याचे घर चालले, विड्या वळून बायांनी लेकरे वाढविली. त्यांच्या पोटाचा प्रश्न एका फटक्यात सुटणारा नाही, हे समजते. तरीही जो बाप चुना मळता मळता मुलाला ई-सिगारेटचे दुष्परिणाम सांगतो, त्याच्या उपदेशाला किती वजन राहील?

तिसरे ऋण सोबतीचे, आणि तेच सर्वांत जड. मुलाच्या दप्तरात ती वस्तू सापडली की वसतिगृहातून नाव काढून टाकणे सोपे. पण नाव काढल्याने निकोटिन सुटत नाही. मुलगा एकटा पडतो आणि एकटेपणात ते आणखी घट्ट होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपला नियम अमलात आणताना दंडापेक्षा समजावण्यावर व व्यसन सोडण्याच्या मदतीवर भर दिला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत २०१९ साली २७.५ टक्के मुले ई-सिगारेट ओढत होती. २०२४ साली ते प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. याचे श्रेय एकट्या बंदीला देता येणार नाही. विक्रीचे वय २१ झाले, गोड स्वादांवर निर्बंध आले, आणि समजावणेही चालू राहिले.

आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगावेसे वाटते. वर्गात या विषयावर बोलताना आधी मुलांना बोलू द्यावे. कोणी घेतली आहे काय, असे सर्वांसमोर विचारू नये. एखाद्याने वर्गानंतर येऊन सांगितलेच, तर त्याच दिवशी ती गोष्ट पाळकांच्या किंवा आईबापांच्या कानी घालण्याची घाई करू नये. प्रथम त्याला डॉक्टरांकडे जाण्यास तयार करावे, आणि जमल्यास आपण त्याच्याबरोबर जावे. चिडचिड, झोप न लागणे, अभ्यासात मन न रमणे हे पहिले काही आठवडे होणारच, हे त्याला अगोदर सांगून ठेवावे. तो पुन्हा घसरला, तर पुन्हा बसावे.

फलक लावायला पाच मिनिटे पुरतात. त्या फलकाने ज्याला अडविले त्याच्याजवळ किती दिवस बसायचे, हे मात्र फलक लावणाऱ्यानेच ठरवायचे असते.