सुनेला मुलगी म्हणावं का?

वयाच्या ५६व्या वर्षी मी स्पॅनिश शिकायला बसले ती काही हौसेनं नाही. धाकट्यानं व्हॅलेन्सियाच्या मुलीशी लग्न ठरवलं. तिच्या आईला इंग्रजी येत नाही आणि माझं इंग्रजी बँकेच्या फॉर्मापुरतं. विहिणीशी निदान चार शब्द तरी बोलता यायला हवेत ना! म्हणून दुपारी ओटा आवरला की वही घेऊन बसते. सुरुवात नात्यांपासून केली.

परदेशी भाषांत नाती म्हणजे सगळा अंकल-आंटीचा कारभार, असा माझा समज होता. तो निम्मा खरा निघाला. ‘तिया’ म्हटलं की मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एकाच टोपलीत. ‘कुन्यादा’ म्हणजे नणंद, तीच भावजय, तीच मेहुणी. (नणंद-भावजयीला एकच शब्द! आपल्याकडे दोघींनाही पटणार नाही.) पण विहिणीला मात्र त्यांच्याकडे खास शब्द आहे, ‘कॉन्सुएग्रा’. इंग्रजीत तो शोधून सापडणार नाही. आपण व्याही-विहीण म्हणतो, आमच्या बेळगावात कानडी शेजारी ‘बीगर’ म्हणतात. दोन घरांमधलं नातं त्यांनाही नाव देण्याजोगं वाटलं, हे बघून बरं वाटलं.

मग सासूशी आले. ‘सुएग्रा’. आणि सून ‘नुएरा’. बी.ए.ला संस्कृत होतं, त्याचा इतक्या वर्षांनी उपयोग झाला. आपली सासू ‘श्वश्रू’वरून आली, सून ‘स्नुषा’वरून. त्यांची सुएग्रा लॅटिन ‘सोक्रुस’वरून आणि नुएरा ‘नुरुस’वरून. भाषेचे अभ्यासक हे शब्द एकाच घराण्यातले मानतात. म्हणजे सासू-सुना हजारो वर्षं दोन्हीकडे आपापल्या जागी बसून आहेत.

हे कळण्याआधीच मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. व्हिडिओ कॉलवर विहीणबाई दिसल्या, नमस्कार झाला आणि मी म्हटलं, ‘नो एस मी नुएरा, एस मी इखा.’ ती माझी सून नाही, मुलगी आहे. माझा उच्चार बरा असावा, कारण त्यांना लगेच कळलं. त्या हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मुलानं जरा चाचरतच सांगितलं, ‘आई, त्या म्हणतात, मुलगी माझी आहे. तुमची सून होऊ दे.’

दोन दिवस मला ते लागून राहिलं. एवढ्या प्रेमानं बोलले आणि हे उत्तर!

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना माझ्या सासूबाई आठवल्या. गृहप्रवेशाला त्याही म्हणाल्या होत्या, ‘सून नाही, मुलगी आणली.’ बाई प्रेमळ होत्या, खोटं बोलायचं म्हणून बोलल्या नव्हत्या. पण पुढच्याच वर्षी वडील आजारी पडले तेव्हा माहेरी चार दिवस जायला मी तिघांना विचारलं, आणि पाचव्या दिवशी ‘कधी येणार’ म्हणून निरोप आला. नणंद तीन महिने राहून गेली, तिला कुणी तारीख विचारली नाही. विचारूही नये. मुलीचं घरच ते. मग माझं काय होतं? राबताना मी मुलगी होते, म्हणून थकल्याचं बोलायचं नाही. निर्णय घेताना सून होते, म्हणून तेव्हाही बोलायचं नाही. आणि मला मुलगी करून घेताना माझ्या आईला काय वाटलं असेल, हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

प्रतिक्रमण करताना खोट्या बोलण्याची क्षमा मागतो आपण. तेव्हा भाजीवाल्याशी केलेली घासाघीस आठवते, असली गोड वाक्यं आठवत नाहीत.

माझी जाऊ म्हणते, इतकं काय कीस पाडायचा, तो आशीर्वाद असतो. असेल. स्पेनमध्येही वडीलधाऱ्या बायका कुठल्याही मुलीला ‘इखा’ म्हणतात म्हणे, आपण ‘अगं पोरी’ म्हणतो तसं. त्यात मागणं काही नसतं, म्हणून ते चालतं. आपल्या ‘मुलगीच’मध्ये मागणं असतं. सुनेला त्यांच्याकडे आणखी एक भारदस्त शब्द आहे, ‘इखा पोलितिका’, शब्दशः राजकीय मुलगी! मी पोट धरून हसले. मग वाटलं, त्यातल्या त्यात हा प्रामाणिक आहे.

तिथं लग्नानंतर बाईचं नाव-आडनाव बदलत नाही. मुलाला वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लागतात, आणि १९९९च्या कायद्यापासून आईचं आधी ठेवायचीही मुभा आहे. आमच्या घरात लग्नात नाव बदलायची पद्धत. तांदळात कोणतं नाव लिहायचं यावर चर्चा सुरू झाली होती, ती मी थांबवली. सून आहे, तिचं नाव तिच्या आईनं ठेवलंय.

परवा तिनंच विचारलं, तुम्हाला नावानं हाक मारू का? तिकडे बरेच जण सासूला नावानंच हाक मारतात. मी जरा वेळ गप्प राहिले. माझ्या माहेरच्या नावानं मला आई गेल्यापासून कुणीच हाक मारलेली नाही. तेच नाव तिला सांगितलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.

आता हे आमच्या घरी कसं सांगायचं, ते बघते आहे.