वरिष्ठांशी वाद टाळा

राशिभविष्य खरं की खोटं, हा वाद माझ्यापुरता संपला आहे. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साथीने घेतलेली चाचणी पुष्कळांना आठवत असेल. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या 40 पाठवून कोणती कुंडली कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली; ती सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही एवढं जमतंच. 2009 साली हे निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. वर्तमानपत्रांतल्या भविष्याच्या रकान्यांना मात्र त्याने काही धक्का लागला नाही.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण उमेदवारीच्या काळात मी तो रकाना हाताळला होता. एका दैनिकाच्या पुरवणी विभागात साप्ताहिक भविष्याची मुद्रितं तपासणं हे नवशिक्याच्या गळ्यात पडणारं काम. बारा राशी, प्रत्येकीला ठरावीक ओळी. मजकूर जास्त झाला की कापायचा. काय कापायचं हे कुणी शिकवलं नव्हतं, पण हात आपोआप नेमक्या विधानांकडे जायचा. ‘गुरुवारनंतर जुनं येणं वसूल होईल’ यातला गुरुवार उडायचा. ‘वरिष्ठांशी वाद टाळा’, ‘जोडीदाराशी जुळवून घ्या’, ‘खर्चावर नियंत्रण ठेवा’ ही वाक्यं मात्र टिकून राहायची. ग्रह कुठल्याही घरात असोत, या आठवड्यात मेषेला नाही तर पुढच्या आठवड्यात तुळेला, ती हजर. भाकितं वरवरची होती. रकाना उभा होता तो सल्ल्यावर.

बऱ्याच वर्षांनी थिओडोर अडोर्नो यांचा राशिभविष्यावरचा अभ्यास हाती आला, तेव्हा ही कापाकापी आठवली. अडोर्नो हे फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेतल्या विचारवंतांपैकी. धान्याच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या पैशावर, त्याच्या मार्क्सवादी मुलाच्या पुढाकाराने, 1923 साली ही संस्था उभी राहिली. व्यवस्था बदलण्यात ज्यांचं हित आहे तेच तिला का धरून राहतात, हा प्रश्न या मंडळींना छळत होता. पोलिसाची भीती आणि पोटाची काळजी एवढ्यावर त्याचं उत्तर पुरत नव्हतं. 1933 मध्ये नाझींनी संस्थेला टाळं ठोकलं. अडोर्नो आणि माक्स होर्कहायमर 1941 पासून लॉस एंजेलिसला, हॉलिवूडच्या शेजारी राहिले. तिथे लिहिलेलं त्यांचं पुस्तक 1947 मध्ये ॲमस्टरडॅमहून निघालं. त्यातलं ‘संस्कृती-उद्योगा’वरचं प्रकरण आज सर्वांत जास्त वाचलं जातं. सिनेमा, रेडिओ, मासिकं ही लोकांतून उगवलेली कला नव्हे. ती वरून, ठरीव साच्यात घडवलेला माल आहे. प्रत्येक नगाला थोडं वेगळेपण चिकटवलेलं असतं, तेही साच्यातलंच. आणि करमणुकीचा मोठा भाग माणसाला उद्या पुन्हा कामावर जायला तयार करण्यात खर्ची पडतो, असं त्यांचं म्हणणं.

1949 मध्ये अडोर्नो जर्मनीला परतले, पण 1952-53 मध्ये काही काळ पुन्हा लॉस एंजेलिसला होते. तेव्हा ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या रोजच्या भविष्याचे सुमारे तीन महिन्यांचे रकाने त्यांनी ओळीओळीने तपासले. ज्योतिष खरं आहे का, या भानगडीत ते पडलेच नाहीत. हा मजकूर वाचकाला कोण समजतो आणि त्याच्याकडून काय अपेक्षितो, एवढंच त्यांनी पाहिलं. वाचक म्हणजे कुठल्याशा कचेरीतला मधल्या फळीतला अधिकारी, असं धरून तो रकाना बोलतो. त्याला तू महत्त्वाचा आहेस असं सांगतो, आणि लगेच वरच्यांचं ऐक असंही सांगतो. काम आणि मौज, हट्ट आणि पडतं घेणं, यांचा झगडा तो वेळापत्रकाने मिटवतो: सकाळी काम, संध्याकाळी मजा. अडचण आली तर ती तुझ्या वागण्यातली. गोड बोललास, धीर धरलास की सुटेल. मूळ कल्पना अद्भुत, पण एकेक सल्ला घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाने द्यावा इतका व्यवहारी.

इथे मार्क्स उपयोगी पडतो. ‘भांडवल’च्या 1867 मधल्या पहिल्या खंडात त्याने दाखवलं की बाजारात माणसामाणसांमधले संबंध वस्तूवस्तूंमधले संबंध म्हणून वावरतात, माणसांनीच केलेलं काही निसर्गनियमासारखं वाटू लागतं. भविष्याचा रकाना त्याला फक्त आकाश जोडून देतो.

पण वाचक इतका भोळा असतो का? आमच्याकडे तेव्हा पानं हाताने लावत. ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून चिकटवणारे एक ज्येष्ठ पेस्टर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. संगणकावर पान लावण्याची सोय येणार आणि पेस्टिंग बंद होणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. स्वतःच्या राशीची पट्टी लावताना अण्णा ती मोठ्याने वाचत: ‘कामाच्या ठिकाणी बदल संभवतात. संयम ठेवावा.’ मग हसून म्हणत, ‘अरे, आमचे ग्रह तिसऱ्या मजल्यावर बसतात!’ तिसऱ्या मजल्यावर व्यवस्थापनाची कचेरी होती.

अडोर्नोंवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप अण्णांनी एका वाक्यात सिद्ध केला होता. मजकूर वाचून वाचक कळत नाही. स्वतः अडोर्नोही आपण वाचकांचा नव्हे, मजकुराचा अभ्यास करतोय हे जाणून होते. तरी गोष्ट तिथे थांबत नाही. अण्णांनी संयमच ठेवला. हिशेब घेतला आणि निवृत्तीच्या आधीच घरी गेले. ‘संस्कृती-उद्योगा’वरच्या प्रकरणाच्या शेवटी हेच निरीक्षण आहे: जाहिरातीतली लबाडी लोकांना दिसत असते, आणि तरीही ते त्या मालाच्या मागे जातात. ‘आमचा विश्वास नाही, गंमत म्हणून वाचतो’ असं म्हणणाऱ्याला हा रकाना मुळीच हरकत घेत नाही. त्याला श्रद्धा लागतच नाही.

अण्णांना गप्प केलं ते राशीने नव्हे. दुबळी संघटना, मुलीचं ठरलेलं लग्न आणि हातात येणारी एकरकमी रक्कम यांनी केलं. रकान्याने एवढंच केलं, की त्या गप्प बसण्याला शहाणपणाचं नाव दिलं. विचारसरणी लोकांच्या डोक्यात खोटं भरते असं आपण म्हणतो, तेव्हा तिचं हे दुसरं काम नजरेतून सुटतं. नाइलाजाला ती समंजसपणाचा पोशाख चढवते.

हा पोशाख आता ग्रहांशिवायही मिळतो. ‘बदल संभवतात’ या वाक्यात बदल करणारा कुणी नसतो; ‘संयम ठेवावा’ हे मात्र थेट तुम्हाला उद्देशून असतं. कंपनीतल्या प्रेरणादायी व्याख्यानाची आणि मोबाइलवरच्या यशाच्या मंत्रांची रचना ऐकून पाहा. बाजार बदलतो, कपात होते, स्पर्धा वाढते. आणि कौशल्यं तुम्ही वाढवायची, दृष्टिकोन तुम्ही सुधारायचा. घडणाऱ्या गोष्टींना कर्ता नाही, कर्तव्यांना आहे. असा सल्ला खोडून काढणं अवघड, कारण बहुतेक वेळा तो खोटा नसतोच. वरिष्ठांशी वाद टाळल्याने फायदा होतो, हे कुणीही सांगेल. फक्त तिसऱ्या मजल्यावर कोण बसतं आणि त्यांना तिथे कुणी बसवलं, हा प्रश्न त्या सल्ल्यात बसत नाही. तो आपणच विचारावा लागतो.