वस्त्र द्यावें कीं सुई द्यावी?

थंडीच्या दिवसांत एखादें उघडें लेंकरूं दाराशीं येऊन उभें राहिलें, तर दयाळू मनुष्यापुढें दोन मार्ग असतात. त्यास झबलें शिवून द्यावें हा एक, आणि त्याच्या आईस झबलें शिवावयास शिकवावें हा दुसरा. ह्यांपैकीं खरा परोपकार कोणता, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या प्रश्नाचा विचार करितांना अमेरिकेंतील एका शिक्षिकेचें चरित्र फार उपयोगीं पडतें. मेरी ब्रुक्स पिकेन ह्या बाई १८८६ सालीं कॅन्सास प्रांतांतील आर्केडिया ह्या लहानशा गांवीं जन्मल्या व १९८१ सालीं वारल्या. शिवणकाम शिकविणें हेंच त्यांच्या दीर्घ आयुष्याचें मुख्य काम होतें. पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील स्क्रँटन हें तेव्हां कोळशाच्या खाणींचें शहर होतें. खाणकामगारांस टपालानें धडे पाठवून शिकविण्याचा उपक्रम १८९१ सालीं सुरू झाला होता, व त्याची शाळा ह्या शहरीं होती. तिच्याच आश्रयानें १९१६ सालीं तेथें स्त्रियांकरितां गृहकलांची निराळी संस्था निघाली, व तिच्या शिक्षणाची धुरा पिकेनबाईंनीं वाहिली.

शिकविण्याची रीत अशी होती. शिवण, टोप्या करणें, स्वयंपाक ह्या विषयांचीं लहान लहान पुस्तकें टपालानें घरीं येत. कापड कसें बेतावें, टांका कसा घालावा, हें त्यांत आकृत्या देऊन पायरीपायरीनें सांगितलेलें असे, आणि शेवटीं प्रश्न असत. उत्तरें लिहून पाठविलीं म्हणजे तीं तपासून परत येत. मुलेंबाळें व घर सोडून शाळेंत जाणें ज्यांस अशक्य, अशाहि स्त्रिया ह्या रीतीनें शिकल्या. त्या संस्थेच्या शिष्यांची संख्या एक लक्षावर गेली होती.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शिक्षिका स्क्रँटनांत, आणि शिष्या कधीं कधीं शेंकडों मैल दूर. तेव्हां शिष्येच्या हातांतील कापड ओढून घेऊन, "आण इकडे, मीच करितें," असें म्हणण्याची सोयच शिक्षिकेस नव्हती. टांका चुकला तर तो शिष्येनेंच उसवावयाचा व शिष्येनेंच पुन्हां घालावयाचा.

वर्गांत समोर बसून शिकविणारीस मात्र हा मोह पदोपदीं होतो. मुलीनें बाही उलटी जोडली, मुंढ्याशीं चुण्या पडल्या, धावदोरा वांकडा गेला, कीं बाई तें उसवून स्वतःच नीट करितात. चोळी सुरेख होते, पाहुण्यांस दाखवितां येते. परंतु मुलगी होती तेथेंच राहते. इतकेंच नव्हे, तर "हें माझ्याच्यानें होणार नाहीं" असें तिचें मन घेतें, आणि तें पुढें लवकर सुटत नाहीं.

कोणी विचारील, मग वस्त्रदान व्यर्थ काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. तान्ह्या बाळास, डोळे गेलेल्या म्हातारीस, तापानें अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास सुई देणें ही दया नव्हे, थट्टा होय. ज्या घरीं कापड घ्यावयास पैसा नाहीं, तेथें नुसता टांक्यांचा उपदेश करणें हेंहि तसेंच. भुकेल्यास भाकर आज पाहिजे, व उघड्यास पांघरूण आज पाहिजे. परंतु ज्याचे हात धड आहेत त्यास वर्षानुवर्षें तयार वस्त्रच देत राहणें म्हणजे त्याच्या हातांचा अपमान करणें होय.

असें असून पुष्कळ दयाळू लोक पहिल्याच मार्गावर कां थांबतात? आम्हांस ह्याचें कारण असें दिसतें कीं, वस्त्र देणाऱ्याचे उपकार दरसाल आठविले जातात. त्याच्या दारीं लोक जमतात व हात जोडितात. शिवावयास शिकविणारीचा मात्र विसर पडतो. चार वर्षांनीं शिष्या सफाईनें काज करूं लागली, म्हणजे तें आपल्याच हाताचें काम असें तिला वाटतें. आणि तें खरेंहि आहे. पिकेनबाईंनीं नव्वदांहून अधिक पुस्तकें लिहिलीं; सिंगर कंपनीचें १९४९ सालचें शिवणकामाचें पुस्तक त्यांचेंच. तरी त्यांत सांगितल्याप्रमाणें शिवणाऱ्या कित्येक स्त्रियांस त्यांचें नांवहि आठवत नसेल. हें त्यांचें अपयश नव्हे. आपणांवांचून दुसऱ्याचें चालावें अशी इच्छा धरून काम करणें फार कठीण, आणि आमच्या मतें परोपकारबुद्धीची कसोटी तेथेंच लागते.

म्हणून गांवोगांवीं मुलींस शिवण शिकविणाऱ्या भगिनींस आमची एक विनंति आहे. टांका वांकडा गेला तर कापड आपल्या हातीं घेऊं नका. चूक दाखवा, आणि उसवावयास तिलाच सांगा. दोरा वायां जाईल, वेळ मोडेल, पहिलें झबलें बेढब होईल. तरी तें तिच्या लहान भावंडाच्या अंगावर खुशाल घालूं द्या. दुसरें त्याहून बरें होईल. तिसरें शिवतांना ती तुम्हांस हांक मारणार नाहीं. त्या दिवशीं वाईट न वाटूं देतां, आपलें काम झालें असें समजावें.