देवाघरी म्हणजे कुठे?



'परवा' म्हणजे कधी, हे चार वर्षांच्या लेकराला एकदा समजावून पाहावे. होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा. दुकान 'वाढवले' म्हणजे बंद केले, नारळ 'वाढवला' म्हणजे फोडला, आणि पाहुणे दाराबाहेर पडताना म्हणतात 'येतो'. 'येता, तर जाता कशाला?' असे लेकरू विचारते आणि घरभर हशा पिकतो. खरे तर त्याने शब्द बरोबरच ऐकलेला असतो. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून शब्दाचा सरळ अर्थ सोडून गेलो ते आपण मोठे. ती भीती मुलाला अजून शिकवलेली नसते, इतकेच.

मोठी माणसे वस्तूकडे वळून तिचे नाव घेत, त्यावरून आपण बोलायला शिकलो, असे संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास 'कन्फेशन्स'मध्ये लिहिले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या विट्गेन्स्टाइन यांच्या ग्रंथाची सुरुवातच त्या उताऱ्याने होते, आणि पाठोपाठ शंकाही येते. भाकरीकडे बोट दाखवून 'भाकरी' म्हटले, तर मुलाने काय समजावे? ती वस्तू, तिचा गोल आकार, की 'खा' हा हुकूम? आणि जिकडे बोट दाखवताच येत नाही, त्या शब्दांचे काय?

आपल्या मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम घ्या. तिथे 'आश्रम' गावाच्या नावातच आहे. शुकदास महाराजांनी उभारलेला विवेकानंद आश्रम, तिथली शाळा, विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाची पुरी आणि वांग्याची भाजी, हा तिथल्या लेकराचा 'आश्रम'. 'आजीला वृद्धाश्रमात ठेवू' असे त्याच्या कानावर पडले आणि त्याने टाळ्या पिटल्या, अशी कल्पना करा. त्याच्या हिशेबी आजी मजेच्या ठिकाणी चालली आहे. त्या क्षणी हसणे कोणाला जमेल?

आपल्या घरातला असाच शब्द म्हणजे 'देवाघरी'. रविवारी आपणच मुलांना दटावतो, 'हे देवाचे घर आहे, दंगा करू नका.' मग एके दिवशी सांगतो, 'आजी देवाघरी गेली.' पुढच्या रविवारी मूल मिस्साभर मान वळवून बाकांवर आजीला शोधते. यात त्याचे चुकले कुठे? दोन्ही वाक्ये आपलीच, आणि त्यांची बेरीज त्याने बिनचूक केली.

मग आपण खोटे बोललो का? फसवण्याच्या इराद्याने बोललेले असत्य म्हणजे खोटे, असे संत ऑगस्टीन मानत. आजी देवाजवळ आहे यावर तर आपली श्रद्धा आहे. तेव्हा ते खोटे नव्हे. पण पुष्कळदा ते वाक्य श्रद्धेने कमी आणि पुढचा प्रश्न टाळण्यासाठी जास्त बोलले जाते. ऐकणारा मात्र परतीच्या गाडीची वाट पाहत बसतो. आमच्या मते आधी साधी गोष्ट सांगावी: आजी वारली, तिचा श्वास थांबला, ती आता घरी परत येणार नाही. त्यानंतर आपली आशा सांगावी. क्रम उलटला की आशेची थाप होते. 'लहान आहे, त्याला काय कळतंय!' असे म्हणणाऱ्यांनी बाकांवर शोधणारे ते डोळे पाहावेत.

आणि हसण्याविषयी. शाळेत मार बसू नये म्हणून लहानपणी देवाकडे केलेली प्रार्थना ऑगस्टीन यांनी त्याच ग्रंथात नोंदवली आहे. त्या माराला मोठी माणसे, आईवडीलसुद्धा, हसत असत. बिशप झाल्यावरही ते हसू त्यांच्या लक्षात होते.

२ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. रडतील म्हणून काही घरांतून मुलांना मागे ठेवतात. त्यांना बरोबर आणावे, आजीच्या कबरीजवळ उभे करावे आणि त्यांना जे विचारायचे असेल ते विचारू द्यावे. 'आजीला इथे थंडी वाजते का?' असे विचारले, तर खाली बसून उत्तर द्यावे.