मेंढपाळाची पावलं

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एक म्हातारा मेंढपाळ राहत होता. त्याच्याकडे एक मुलगा काम शिकायला आला होता. घरामागे एक बुटकी टेकडी होती. तिच्यावर झाड नव्हतं आणि पायवाटही नव्हती.

एका सकाळी म्हातारा म्हणाला, "माथ्यावर दगडांची रास आहे. तिथून पलीकडचा उतार दिसतो. तिकडे आपल्या किती मेंढ्या आहेत, मोजून ये. आज एकटाच जा."

"वाट कुठून आहे, आजोबा?"

"वाट नाही. ही काठी घे."

मुलगा निघाला. रात्री पाऊस पडून गेला होता. थोडं चढल्यावर ओल्या जमिनीत त्याला बुटांचे ठसे दिसले. म्हातारा कालच वर जाऊन आला होता. ठसे त्याचेच होते. मुलाला हायसं वाटलं. जिथे ठसा तिथे पाय, असं करत तो भराभर चढू लागला.

लवकरच पाय घोट्यापर्यंत आत गेला. मग नडगीपर्यंत गेला. तरी त्याने ठसे सोडले नाहीत. "आजोबा इथूनच तर गेलेत," असं म्हणत त्याने आणखी एक पाऊल टाकलं आणि तो मांडीपर्यंत रुतला.

जोर लावला तसा पाय अधिकच खोल जाऊ लागला. शेवटी त्याने काठी आडवी टाकली, तिच्यावर छातीचा भार दिला आणि एकेक पाय हळूहळू सोडवला. मग तो एका खडकावर दम खात बसला.

समोरून एक मेंढी चढत होती. ती सरळ जात नव्हती. हिरवंगार शेवाळ तिने टाळलं. लव्हाळ्याला वळसा घातला. हेदरच्या तपकिरी झुडपांमधून ती वर निघून गेली.

मुलगा उठला. त्याने काठी शेवाळात खुपसली. ती अर्धी आत गेली. लव्हाळ्याच्या बुडाशी टोचली. पाणी वर आलं. हेदरच्या मुळाशी टोचली. काठी अडली. तिथे त्याने पाय ठेवला. पाय ठरला.

मग तो तसाच चालत राहिला. आधी काठी, मग पाय. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी चार पावलं मागे. दुपारी तो दगडांच्या राशीपाशी पोहोचला. मेंढ्या दोनदा मोजल्या आणि खाली आला.

"सदतीस आहेत," तो म्हणाला. "पण आजोबा, मी तुमच्याच पावलांवरून गेलो. जमिनीने तुम्हाला पेललं, मग मला का नाही?"

"मी तिथून गेलो होतो म्हणूनच," म्हातारा म्हणाला. "वरचं शेवाळ जाळीसारखं विणलेलं असतं. माझ्या पायाने ते फाटलं. रात्रीचं पाणी त्यात भरलं. खाली तर कुजलेल्या शेवाळाची काळी माती आहे. तिचा १ मीटर थर साठायला सुमारे १,००० वर्षं लागतात. वरची जाळी फाडायला मात्र बुटांचा एक जोड पुरतो. इथे सगळे एकाच रेषेने गेले, तर त्या रेषेचा चिखल होतो. उद्या पुन्हा जा. तुझ्या आजच्या ठशांवरूनही जाऊ नकोस."

तात्पर्य : जाणत्या माणसाकडून पारख शिकावी, पाऊल मात्र आपल्या पायाखालची जमीन पाहूनच टाकावं.