नियमाचा अर्थ कोणी सांगायचा?

ऐरोलीतल्या एखाद्या सोसायटीत रविवारी दुपारी दोघे मित्र ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा डाव मांडून बसले आहेत, असे समजा. एकाने ‘ब्लड मून’ हा पत्ता उतरवला आहे. त्याचा हुकूम असा, की ‘जमीन’ प्रकारच्या पत्त्यांपैकी बेसिक, म्हणजे साधा, नसलेला प्रत्येक पत्ता आता डोंगर. त्यानंतर दुसऱ्याने ‘अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही जमीन खाली ठेवली. ती म्हणते, प्रत्येक जमीन मुळात जी आहे ती आहेच, शिवाय दलदलही आहे. “माझा पत्ता नंतर आला, म्हणून माझा चालणार,” असे दुसऱ्याचे म्हणणे. “अरे, तुझी जमीनच डोंगर झाली. तिचा हुकूम उरलाच कुठे?” असे पहिल्याचे.

निकाल पहिल्याच्या बाजूने लागतो. या खेळात पत्त्यांचे चालू राहणारे परिणाम सात थरांत लावले जातात. एकाच थरात दोन परिणाम भिडले, तर एरवी आधी आलेला आधी लागतो आणि नंतरचा वरचढ ठरतो. पण एक लागल्यामुळे दुसऱ्याचे अस्तित्वच बदलणार असेल, तर त्या दुसऱ्याने थांबायचे. ‘ब्लड मून’ लागताच अर्बोर्ग डोंगर होते, स्वतःचा हुकूम गमावते आणि तिने दिलेली दलदल कुठेच उरत नाही. पत्ते कोणत्या क्रमाने पडले, याने काहीही फरक पडत नाही.

‘ब्लड मून’ १९९४ साली आला, अर्बोर्ग २००७ साली. पहिले वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात तेरा वर्षांनंतरची जमीन असणे शक्यच नव्हते. मग त्याच्या हेतूचा शोध घेऊन हा तंटा मिटणार कसा?

हेतू मोठा की शब्द, हा वाद भारतीय दर्शनांत जुना आहे. न्यायदर्शन मानणारे नैयायिक वेदांचा कर्ता ईश्वर मानतात आणि वाक्याचा अर्थ लावताना बोलणाऱ्याला काय सांगायचे होते, याला महत्त्व देतात. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना हा मार्गच बंद होता. त्यांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. यज्ञात अडचण आली तर विचारायचे कोणाला? म्हणून जैमिनीच्या सूत्रांपासून त्यांनी वाक्यांची आपसातली ताकद ठरवली. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या या सहांत आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान, कारण नंतरचे अर्थापर्यंत लांबच्या वाटेने पोचते. वाईच्या केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ चाळला, तर अशा विचाराचा केवढा पसारा उभा राहिला होता हे दिसते.

सोमयागातल्या औदुंबरीचे उदाहरण घ्या. मंडपात उंबराच्या लाकडाचा एक खांब रोवतात. उद्गात्याने, म्हणजे सामगान करणाऱ्याने, त्याला स्पर्श करून गायचे, असे वेदवाक्य आहे. तो खांब संपूर्ण वस्त्राने गुंडाळायचा, असे स्मृतीचे वचन आहे. सगळा गुंडाळला तर स्पर्श खांबाला होणार की कापडाला? जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींनी निर्णय दिला, की वेदवाक्य प्रबळ, स्मृती बाजूला. ते आणखी एक पाऊल पुढे गेले. हे वचन यज्ञ करणाऱ्या ऋत्विजांच्या वस्त्राच्या लोभातून आले असावे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. नंतरचे मीमांसक कुमारिल भट्ट यांना हे उदाहरण पटले नाही. पण नियम सांगणाऱ्याचा त्यात फायदा कोणता, हा प्रश्न परंपरेच्या आतूनच विचारला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

कर्ता ठाऊक नसलेले खेळही आहेत. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. निम्म्या रंगांत आकड्यांची चढण उलटी होते. दिवसा खेळाची सुरुवात रामाच्या रंगाने होते, रात्री कृष्णाच्या. असे का, हे विचारायला कोणी रचनाकार नाही. ‘मॅजिक’ला मात्र रिचर्ड गारफिल्ड हा निर्माता आहे आणि पत्त्यांचा अधिकृत मजकूर दुरुस्त करणारी कंपनीही आहे. तरी डाव चालू असताना कोणाचा हेतू कामी येत नाही. दुरुस्ती करायची तर शब्दांत, आणि ती दोन्ही खेळाडूंसाठी सारखी. समोरच्याला वाचता येणार नाही अशा हेतूवर आपला डाव जिंकणे हा अन्यायच आहे.

एका जागी मात्र हा खेळ आणि मीमांसा यांच्या पद्धती वेगळ्या होतात. ‘मॅजिक’मध्ये एक पत्ता ‘करता येईल’ म्हणाला आणि दुसरा ‘करता येणार नाही’ म्हणाला, तर नकार जिंकतो. अतिरात्र यागात षोडशी नावाचे सोमपात्र घ्यावे असे एक वेदवाक्य सांगते, घेऊ नये असे दुसरे. दोन्ही तुल्यबळ, म्हणून मीमांसक विकल्प देतात. तोही नाइलाजाने, कारण विकल्पात त्यांनी आठ दोष मोजले आहेत. यज्ञाला हे परवडते, कारण तिथे यजमानाच्या विरुद्ध कोणी बसलेला नसतो. दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर असले, की विकल्प देणे म्हणजे एकाला झुकते माप देणे.

वारसाहक्कात हीच अडचण उभी राहते. बायको-मुले मागे न ठेवता वारलेल्या माणसाची मालमत्ता आईवडिलांकडे जाते, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पण आधी कोणाकडे? ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी आईला आधी ठेवले. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी ‘व्यवहारमयूखा’त वडिलांना. दोघांची हत्यारे मीमांसेचीच.  इंग्रजी अमदानीत मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात मतभेद असेल तिथे ‘मयूख’ प्रमाण मानला गेला, उरलेल्या महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’. म्हणजे एकाच वचनावर ऐरोलीच्या शेतजमिनीला वडील आधी वारस ठरत आणि साताऱ्यातल्या जमिनीला आई. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आईला पहिल्या वर्गात आणि वडिलांना दुसऱ्या वर्गात बसवले, तेव्हा दोन्हीकडचा निकाल एक झाला.