विस्मरण निर्दोष असते काय?

माणूस जिवंत आहे याची खूण कोणती? घरबसल्या ग्राहकाची ओळख पटविणाऱ्या यंत्राने तिचे उत्तर ठरवून टाकले होते : पापणी मिटली की माणूस जिवंत! अ‍ॅसिडने चेहरा व डोळे भाजलेल्या एका स्त्रीस पापणी मिटता येईना. म्हणून तिला बँकेत खाते उघडता येईना. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

यात दुष्टावा कोणाचाच नव्हता, असे आपण म्हणू. चिंता वाटावी ती त्याचीच. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी सेवादात्यांनाही बांधतो; तरी संकेतस्थळावरील चित्रामागे वाचक-यंत्राला उच्चारता येतील असे चार शब्द नसले, की अंध ग्राहक दुकानाच्या दारातून परततो. त्याला कोणी हाकलले नाही. त्याची कोणाला आठवणच झाली नाही. नियम लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे उभा राहणारा माणूस बहुधा आपल्यासारखाच असतो. ज्यांच्या लेखणीने दारे उघडतात वा मिटतात, त्या आपणा अधिकाऱ्यांना हे विस्मरण क्षम्य नाही. दार बांधतानाच सर्वांचे स्मरण ठेवणे ही दया नव्हे. ते देणे आहे.